गाव कुठलं?

पाण्यातल्या मोटारीचं वाइंडिंग मशीनवर होत नाही, तार हातानं ओवावी लागते. स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाला, चोवीस खाचा. एका खाचेतून पॉलीची वायर आत घालायची, दुसरीतून बाहेर काढायची, परत पहिलीत. कुठल्या खाचेत किती फेरे ते जळालेली वायर काढतानाच मोजून वहीत लिहून ठेवलेलं असतं, आणि बसवायचे तेवढेच. एखादा कमी-जास्त झाला की तिन्ही फेजचा करंट सारखा येत नाही, मोटार तापते आणि शेतकरी महिन्याभरात ट्रॉली घेऊन परत दारात. म्हणून मी फेरे तोंडानं पुटपुटत मोजतो. त्या दिवशी सतराव्या फेऱ्याला खिशातला फोन वाजला. हात पुसला, उचलला. "सर, आपल्या नावावर पाच लाखाचं प्री-अप्रूव्हड लोन…" ठेवला. सतरा की अठरा? आठवेना. सगळी खाच उसवली आणि एकपासून सुरुवात केली. बाराव्याला परत वाजला. पुण्याजवळ एनए प्लॉट.

उत्तर साधं वाटेल, की काम करताना फोन उचलायचा नाही. बायकोनंही तेच सांगितलं. पण माझा धंदाच अनोळखी फोनवर चालतो. सांगलीत माधवनगर रोडला दुकान आहे, बावीस वर्षं झाली. नंबर डिग्रजच्या, समडोळीच्या, नांद्र्याच्या रस्त्याला भिंतींवर रंगवलाय. शेकडो स्टार्टरच्या पेट्यांना आतून माझा स्टिकर आहे. रात्रपाळीची लाइट असली की माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, बटण दाबतो, मोटार नुसती हुंकारते, मग तो पेटीच्या दारावरचा नंबर बघून फोन लावतो. त्याचा नंबर माझ्याकडं नसतो. कधी मेव्हण्याच्या फोनवरून लावलेला असतो, कधी शेजारच्या रानातल्या वाटेकऱ्याच्या. कृष्णेला पाणी चढायला लागलं की काठावरच्या मोटारी उचलायच्या असतात, त्या दोन-तीन दिवसांत तर जे वाजेल ते उचलावंच लागतं. नंबर बदलणं तर दूरच. मागच्या दिवाळीला पेंटरनं भिंत नव्यानं रंगवताना विचारलं, "मिस्त्री, नंबर तोच का?" मी म्हटलं, तोच, आणि जरा मोठा काढ.

आधी एकदा मोजायचं ठरवलं. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं दोन रकाने केले, 'मोटार' आणि 'फालतू'. प्रत्येक अनोळखी फोनला एक रेघ. दुकानातल्या पोराला या कामात भलताच रस आला, फोन संपायच्या आत तो खडू घेऊन उभा असायचा. आठवड्यानं रेघा मोजल्या. मोटार अडतीस, फालतू एकाहत्तर. त्यात एसएमएस धरलेच नव्हते.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. फोन आला की तो नंबर ब्लॉक. महिनाभर नेमानं केलं. ब्लॉकची यादी वाढत गेली आणि फोन तेवढेच राहिले, कारण हे लोक एकाच नंबरवरून दुसऱ्यांदा करतातच कुठं? कालच्या दारात कुलूप लावून बसलो, चोर आज खिडकीतून. त्यात एकदा कवठेपिरानच्या एका पाटलांचा नंबर घाईत ब्लॉक झाला. ते कळलं ते त्यांनी भर लग्नात चार लोकांत सुनावल्यावर.

दुसरा उपाय पुतण्याचा. त्यानं फोनमध्ये सोय चालू करून दिली, की जो नंबर सेव्ह नाही त्याची रिंगच वाजू नये. व्हॉट्सॲपलाही अशी सोय आहे, २०२३ पासून, तीही चालू केली. चार दिवस दुकानात अशी शांतता, की वार्निशच्या भट्टीचा आवाज ऐकू येत होता. पाचव्या दिवशी चहाच्या गाड्यावर कसबे डिग्रजचा एक गडी भेटला. म्हणाला, "मिस्त्री, मोठं झालासा. नऊ येळा फोन लावला, उचलला न्हाईसा. ऊस वाळायला लागलाय म्हटल्यावर काय करनार? घातली मोटार दुसऱ्याकडं." मी फोन काढून बघितला. नऊ मिस्ड कॉल, एकाखाली एक, रात्री एक वाजून दहा मिनिटांपासून पावणेदोनपर्यंत. साडेसात एचपीची मोटार होती. ती सोय त्याच गाड्यावर उभं राहून बंद केली. व्हॉट्सॲपची तेवढी तशीच ठेवली, कारण जळालेल्या मोटारीसाठी व्हॉट्सॲप कॉल अजून कुणी केलेला नाही.

मग ते नाव दाखवणारं ॲप. कोण फोन करतंय ते आधीच दाखवतं, फालतू असेल तर लाल रंग येतो. बरं वाटलं पहिल्यांदा. लाल दिसला की उचलायचा नाही, हात पुसायचं काम वाचलं. पण हे ॲप नावं आणतं कुठून, ते मला कळलं ते एका गिऱ्हाइकाच्या फोनमुळं. मोटार तयार झाली म्हणून त्याला फोन लावत होतो, तो उचलेना, आणि इतक्यात तोच दुकानात शिरला. हातात फोन वाजतोय. पडद्यावर लाल पट्टी, 'स्पॅम', आणि खाली माझं नाव – 'मोटारवाला उधारी'.

पोरगं हसून हसून खाली बसलं. मला काही हसू आलं नाही. पण विचार केला तर ज्यानं तसं लिहिलं त्याचं फारसं चुकलं नव्हतं. मी लोकांना फोन करतो ते दोनच कारणांसाठी, मोटार न्या आणि पैसे द्या. ऊस कारखान्याला गेला, बिल जमा व्हायचं असतं, आणि मी आठवड्याला फोन करतो. त्या माणसाच्या दृष्टीनं लोनवाली बाई आणि मी, दोघंही भर दुपारी त्रास देणारे. ही ॲप लोकांच्याच फोनमधली नावं आणि लोकांनीच दिलेले शेरे गोळा करतात. पाच-सहा उधारीवाल्यांनी बोट दाबलं, की मी झालो फालतू. त्यांच्याच साइटवर जाऊन आपला नंबर यादीतून काढायचा अर्ज करता येतो, तो केला, आणि ॲपही काढून टाकलं. माझ्या फोनमध्ये दीड-दोन हजार शेतकऱ्यांची नावं आहेत, गावासकट, एचपीसकट. ती घेऊन कुणी गावभर यादी करावी, असं मला वाटत नाही.

इथपर्यंत सगळे उपाय माझ्या फोनच्या आतले होते. सरकारी दारावर जायचं सुचलं ते सिमकार्डवाल्या पोरामुळं. तो म्हणाला, "मिस्त्री, डीएनडी टाकलंय का?" मला वाटायचं, डीएनडी म्हणजे काहीतरी पैसे भरून घ्यायची सोय. ती निघाली 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज नकोत म्हणून नाव नोंदवायची सोय. फुकट आहे, आणि २००७ सालापासून आहे. मला कळायला एवढी वर्षं लागली, यात दोष कुणाचा ते जाऊ दे. १९०९ या नंबरवर एसएमएस करायचा, इंग्रजीत 'स्टार्ट', एक जागा सोडून शून्य. झालं. त्या नंबरला फोन करूनही होतं, आणि मोबाइल कंपनीच्या ॲपमध्येही जागा असते.

मी शून्य पाठवून मोकळा झालो. पंधरा दिवसांत जाहिरातीचे एसएमएस बऱ्यापैकी आटले. बँकेचे मेसेज, ओटीपी, गॅसची नोंदणी हे सगळं येत राहिलं, ते बंद होतच नाही, तशी भीती बाळगायचं कारण नाही. पण एक गोष्ट माझ्याच हातानं गेली. तांब्याच्या तारेवरच्या आणि बेअरिंगच्या स्कीमचे मेसेज येणं थांबलं. ती जाहिरातच, पण माझ्या कामाची. मग बारकाईनं बघितलं, तर यात आठ गट आहेत. बँक-विमा-कर्ज, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, संपर्क-मनोरंजन-आयटी, पर्यटन, आणि खाणंपिणं. सगळे बंद करायची सक्ती नाही, हवा तो उघडा ठेवता येतो. मी ॲपमधून वस्तूंचा गट उघडला, बाकी सात बंद. मेसेज परत सुरू झाले. सोबत टीव्ही आणि मिक्सरचेही सुरू झाले, पण तेवढं चालतं.

फोन मात्र कमी झाले नाहीत. शटरवरच्या रेघा एकाहत्तरवरून पासष्टवर आल्या, म्हणजे काहीच नाही. असं का, हे समजून घ्यायला मला एक अख्खा रविवार लागला.

डीएनडी ही एक यादी आहे. जाहिरात करणाऱ्यानं नोंदणी करायची, मेसेज सोडण्याआधी यादीशी नंबर ताडून बघायचे आणि यादीतले वगळायचे. जो नियमानं चालतो, त्याला ही यादी अडवते. नोंदणीवाल्यांच्या जाहिरातीच्या फोनला १४० ने सुरू होणारा नंबर असतो, बँकेच्या किंवा सरकारी कामाच्या सेवेच्या फोनला १६०० ची मालिका दिली आहे. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून धंद्याची जाहिरात करायला परवानगीच नाही. आणि माझ्या शटरवरच्या पासष्टपैकी बहुतेक साध्या मोबाइलचेच. म्हणजे ज्यानं नोंदणीच केली नाही तो यादी बघणार कशाला? मीटर नसलेल्या आकड्याला युनिट विचारल्यासारखं.

अशा बिननोंदणीवाल्यावर तक्रार करायची असते. तीही १९०९ लाच. कुठल्या नंबरवरून फोन आला, कुठल्या तारखेला, काय बोलणं झालं, एवढं लिहायचं. २०२४ च्या पावसाळ्यात मी पहिली तक्रार केली. मंगळवारचा फोन, तक्रार रविवारी, कारण आठवडाभर नदीवरच्या मोटारी उचलण्यात गेला होता. उत्तर आलं, मुदत संपली. तेव्हा तीन दिवसांच्या आत कळवावं लागायचं. दुसरी तक्रार वेळेत केली, तर उलट विचारणा झाली, की आपण संमती दिली होती. कसली संमती? आठवून आठवून सापडलं. एका शेती प्रदर्शनात ट्रॅक्टर बक्षीस म्हणून चिठ्ठी भरली होती. नाव, गाव, मोबाइल, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, तिच्यापुढं चौकोन. चौकोनात बरोबरची खूण आधीच छापलेली. ट्रॅक्टर कुणाला लागला देव जाणे, मला वर्षभर विम्याचे फोन लागले. तिसरी तक्रार मी केलीच नाही. वैताग आला होता.

पुढच्या वर्षी परत सुरू केलं, ते नियम बदलले म्हणून. १२ फेब्रुवारी २०२५ ला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१८ च्या जुन्या नियमांत दुरुस्ती केली. तक्रारीची मुदत तीनाची सात दिवस झाली. बिननोंदणीवाल्याविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडीत नाव असण्याची अट गेली. आणि माझ्या कामाची खरी गोष्ट ही, की पूर्वी एकाच नंबरविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर हालचाल व्हायची, ती आता दहा दिवसांत पाच तक्रारींवर आली. मोबाइल कंपनीनं कारवाई करायची ती पाच दिवसांत, पूर्वी तीस दिवस होते.

पाच म्हटल्यावर माझ्या डोक्यात आमची ओळ आली. माझ्या एका बाजूला हार्डवेअर, दुसऱ्या बाजूला टायरवाला, पलीकडं बॅटरीचं दुकान, समोर चहाचा गाडा आणि झेरॉक्स. सगळ्यांचे नंबर पाट्यांवर. एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या एकाचा फोन मला आला. चहाला गेलो, तर टायरवाला कुणावर तरी चिडलेला. त्यालाही आला होता. नंबर जुळवला, तोच. हार्डवेअरवाल्या शेठना विचारलं, त्यांना दहा मिनिटांपूर्वी. पठ्ठ्यानं पाट्या वाचत वाचत ओळच धरली होती की काय. मग गाड्यावर बसूनच आम्ही पाच जणांनी तक्रारी केल्या. चहावाल्या मामांच्या फोनवर झेरॉक्सवाल्यानं टाइप करून दिलं. त्यात मामांचा आग्रह, की "त्येला चार शिव्या बी लिव्ह." नाही लिहिल्या.

आठवड्याच्या आत पाचही जणांना मेसेज आला, कारवाई झाली म्हणून. नियम असा आहे, की पहिल्या खेपेला त्या माणसाचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद करायचे. परत सापडला तर त्याची सगळी कनेक्शन वर्षभर तोडायची, सगळ्या कंपन्यांची. त्या नंबरवरून परत फोन आला नाही. अकरा दिवसांनी तोच आवाज दुसऱ्या नंबरवरून आला. त्यानं मला ओळखलं नाही, मी त्याला ओळखलं. "थांबा, नंबर लिहून घेतो," म्हटलं, तर त्यानंच ठेवला. गाड्यावर हे सांगितलं तेव्हा मामांनी पहिल्यांदाच चहा फुकट पाजला.

यात एक वेगळं प्रकरण सांगायला हवं, कारण ते फालतू या रकान्यात बसत नाही. नांद्र्याचे एक आजोबा फोन घेऊन आले. मोटारीचं काम करतो म्हणजे विजेचं सगळं याला कळतं, अशी लोकांची समजूत. मेसेज होता, मागचं बिल भरलं नसल्यानं आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याशी बोला, आणि खाली एक मोबाइल नंबर. आजोबांचा घसा कोरडा पडला होता. मी मेसेज कुणाकडून आलाय ते दाखवलं. खऱ्या कंपनीचा मेसेज असा मोबाइल नंबरवरून येत नाही, वर इंग्रजी अक्षरांचं नाव असतं आणि शेवटी आता एक अक्षर जोडलेलं असतं. पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. इथं काहीच नाही, नुसते दहा आकडे. आजोबांना अक्षरं काही पटली नाहीत. त्यांना पटलं ते वेगळंच. मेसेज परत वाचून घेतला आणि म्हणाले, "साडेनऊ? आरं, ह्या आठवड्यात आमच्या शिवारात लाइट येती साडेधाला. नसलेली काय तोडत्यात?"

त्या नंबरला फोन केला असता तर पुढचं ठरलेलं असतं. एखादं ॲप घ्यायला लावतात, त्यातून आपला पडदा त्यांना दिसतो, मग दहा रुपये भरायला सांगतात आणि खातं रिकामं होतं. अशा मेसेजसाठी १९०९ चं दार नाही. संचार साथी नावाच्या सरकारी साइटवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, मार्च २०२४ पासून, तिथं संशयित फोन आणि मेसेज कळवायचे. पैसे गेलेच असतील तर मात्र आधी १९३० ला फोन, लगेच, बाकी सगळं नंतर. १९०९ आणि १९३० हे दोन आकडे मी स्टिकर बनवून घेतले तेव्हा माझ्या नंबरखाली छापून घेतले. पेटीचं दार उघडलं की दिसतात.

रेघा खऱ्या अर्थानं कमी झाल्या त्या दोन साध्या गोष्टींनी, आणि दोन्हींना ना ॲप लागलं ना एसएमएस.

एक म्हणजे दुसरं सिम. घरात जुना बटणाचा फोन पडून होता, त्यात नवीन कार्ड घातलं. आता कुठंही फॉर्म आला, मॉलमध्ये बिलाच्या वेळी नंबर मागितला, प्रदर्शन, वॉरंटी कार्ड, पेट्रोल पंपावरची कूपन, सगळीकडं तो नंबर. भिंतीवरचा नंबर फक्त मोटारीसाठी. बँकेला जुनाच ठेवलाय, तिथं घोळ नको. लोकांना वाटतं आपला नंबर कुणीतरी चोरला. माझा नंबर मीच वाटला होता, दहा ठिकाणी, पेन मागून घेऊन. जुन्या याद्यांत गेलेला काही परत येत नाही, त्यामुळं फरक पडायला चार-पाच महिने लागले. पण नवीन गळती थांबली.

दुसरी गोष्ट पोराची. मी वायर ओवायला बसलो की फोन त्याच्याकडं देतो. त्यानं स्वतःच एक पद्धत काढली. फोन उचलायचा आणि समोरच्याला बोलू न देता विचारायचं, "गाव कुठलं?" शेतकरी असला तर एका दमात सांगतो, "तुंग, पाच एचपी, पाणी ओढंना." रेकॉर्ड केलेला आवाज असला तर तो आपलं तुणतुणं चालूच ठेवतो. आणि माणूस असला तर अडखळतो, "सर, ते मी… कंपनीकडून…" की पोरगं लाल बटण दाबतं. तीन सेकंद लागतात. मला सतरावा फेरा विसरावा लागत नाही.

एकदाच ही पद्धत फसली. पोरानं विचारलं, गाव कुठलं, आणि पलीकडून मुलीचा आवाज आला, "जत तालुका." पोरानं फोन माझ्याकडं दिला. मी विचारलं, मोटार कितीची? ती हसली. क्रेडिट कार्डवाली होती, पुण्यात नोकरीला. म्हणाली, "काका, खोटं नाही बोलले, गाव विचारलं म्हणून सांगितलं." मीही बोलत बसलो, वायर ठेवून. जतकडं बोअरच्या मोटारी किती खोल सोडाव्या लागतात ते तिला ठाऊक होतं, तिच्या वडिलांची दोनदा जळली होती. मी विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला? तिच्यासमोर एक्सेलची यादी असते, सकाळी येते, संध्याकाळपर्यंत संपवायची. माझ्या नावापुढं काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाली, "नाव नाहीये, नुसतं 'शॉप, सांगली'." यादीतून काढता येईल का? तिच्या हातात तेवढंच नव्हतं. 'इंटरेस्टेड नाही' असं बटण आहे म्हणाली, ते दाबते. दाबलं असावं. कार्डाचं ती विचारायची विसरली आणि मी गावाकडच्या मोटारीला कॅपॅसिटर तपासून घ्यायला सांगितलं. पोरानं खडू घेऊन विचारलं, कुठल्या रकान्यात? मी म्हटलं, राहू दे, मारू नकोस रेघ.

तिच्यावर तक्रार केली नाही. नंबर दहा आकडी होता, नियमानं करायला हवी होती. टायरवाला म्हणाला, हे असंच असतं, गोड बोललं की आपण विरघळतो, म्हणून तर त्यांचा धंदा चालतो. त्याचं खरं असेल.

आता शटरवर आठवड्याला पंधरा-वीस फालतू रेघा असतात, मोटारीच्या हंगामाप्रमाणं. तक्रारीचा एसएमएस मी फोनमध्ये लिहून ठेवलाय, नंबर आणि तारीख तेवढी बदलतो, रात्री जेवण झाल्यावर दिवसाभराचे एकदम पाठवतो. दोन मिनिटांचं काम. परवा रविवारी कसलं तरी वॉरंटी कार्ड शोधायला ड्रॉवर उघडला, तर बटणाचा फोन हाताला लागला. त्रेचाळीस मिस्ड कॉल आणि बॅटरीची एकच काडी. पोरानं चार्जर आणून दिला. मी म्हटलं, कशाला, जाऊ दे बंद पडू दे, सोमवारी बघू.